धावपट्टीच्या रेषेतील पाच एकर

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेले पहिले नियमित प्रवासी विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा अमरावतीच्या एका जुन्या कापड-व्यापारी कुटुंबात सकाळपासून सणासारखी गडबड होती. घरातील थोरले बंधू वयाच्या बहात्तराव्या वर्षी गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे पाहत उभे राहिले. दुकानाच्या खरेदीसाठी मुंबईला जायचे म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास, हा पन्नास वर्षांचा हिशेब त्या दिवशी बदलला होता. सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९२ मध्ये बांधलेली ती धावपट्टी तीन दशके बहुतांशी मंत्र्यांच्या दौऱ्यांपुरतीच उपयोगी पडली. आता ती १,८५० मीटर लांब झाली होती आणि नागपूर व गोंदियानंतर विदर्भाला तिसरा प्रवासी विमानतळ मिळाला होता. आठवड्यातून तीन दिवस येणारे बहात्तर आसनांचे विमान ही मुंबई-दिल्लीच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट असेल. वऱ्हाडाच्या दृष्टीने ती नव्हती.

त्याच सायंकाळी अकोल्याहून धाकट्या बंधूंचा फोन आला. त्यांची अकोल्यात डाळमिल आहे. अभिनंदनाचे दोन शब्द होताच ते मुद्द्यावर आले : "दादा, बेलोऱ्याच्या पाच एकरांचं आता काय करायचं?"

ही पाच एकर जमीन वडिलांनी कधीतरी एका उधारीच्या वसुलीपोटी घेतली होती. बटईने दिलेली, कधी कपाशी, कधी सोयाबीन, बांधाला तूर. एवढी वर्षे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. विमानतळाची बातमी पक्की झाल्यावर मात्र ले-आउट पाडणाऱ्यांच्या गाड्या तेथे येऊ लागल्या. जमीन धावपट्टीच्या जवळपास थेट रेषेत आणि टोकापासून फार दूर नाही. एका विकासकाने चौरस फुटाचा जो भाव सांगितला, तो ऐकून धाकट्यांनी फोनवरच दोनदा खात्री करून घेतली.

कौटुंबिक बैठक पुढच्या रविवारी भरली. कागदपत्रे चोख होती. सातबारा स्वच्छ, फेरफार नोंदलेले, मोजणी झालेली. विमानतळाच्या परिसरात बांधकाम करायचे असल्यास इमारतीच्या उंचीचा ना-हरकत दाखला लागतो, हेही विकासकाला ठाऊक होते. त्यासाठी २०१५ ची केंद्रीय नियमावली आहे आणि ती बरीच काटेकोर आहे. विमानाला घराचा अडथळा होऊ नये याची काळजी कायद्याने अशी मीटरमध्ये मोजून घेतली आहे.

"आणि घराला विमानाचा?" हा प्रश्न विचारला मोठ्या वहिनींनी. त्या सहसा व्यवहाराच्या बैठकीत बोलत नाहीत.

धाकट्यांनी हसून उत्तर दिले की आठवड्यातून तीन विमानांनी कोणाची झोप मोडत नाही. अकोल्यात त्यांच्या मिलचा आवाज याहून अधिक असतो. प्रवासी विमानापुरते त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु बेलोऱ्याची गोष्ट प्रवासी विमानावर संपत नाही. एअर इंडियाने २०२४ मध्ये येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले आहे. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचा तिचा संकल्प असून त्यासाठी एक इंजिनाची ३१ आणि दोन इंजिनांची ३ विमाने मागविण्यात आली. ज्या जिल्ह्यातील मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात, तेथे देशभरातील मुले शिकायला यावीत, ही अभिमानाची बाब आहे. मात्र प्रशिक्षणाचे विमान प्रवासी विमानासारखे एकदा येऊन निघून जात नाही. उड्डाण करायचे, वळसा घ्यायचा, उतरायचे आणि चाके टेकताच पुन्हा उड्डाण करायचे, असा सराव शिकाऊ वैमानिक तासन्‌तास करतो. एका वळशाला साधारण सहा मिनिटे लागतात.

"म्हणजे एका सामायिकात आठ वेळा," मोठ्या वहिनी म्हणाल्या. अठ्ठेचाळीस मिनिटांचा भागाकार त्यांनी मनातच केला होता. "आणि रात्री?"

रात्रीच्या उड्डाणाचा सराव हाही व्यावसायिक वैमानिकाच्या शिक्षणाचा भाग असतो, हे घरात एकट्या धाकट्यांच्या सुनेला ठाऊक होते. ती सनदी लेखापाल आहे. बैठक त्या दिवशी निर्णयाविना उठली आणि कायदा काय म्हणतो ते पाहण्याचे काम तिच्याकडे आले.

तिने पंधरा दिवसांत जे जमविले, ते ताळेबंदासारखे दोन बाजूंचे होते. एका बाजूला नियम होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. लाउडस्पीकर आणि वरातीच्या संदर्भात हे आकडे बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असतात. परंतु विमानतळाभोवतीच्या क्षेत्रासाठी केंद्र सरकारने जून २०१८ मध्ये वेगळे मानक अधिसूचित केले. वर्षाला ५०,००० हून अधिक उड्डाणे-उतरणी होणाऱ्या व्यग्र विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५; इतरांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६०. बेलोरा अर्थातच इतरांत मोडते. म्हणजे बडनेऱ्याच्या एखाद्या गल्लीत रात्री ४५ डेसिबलपलीकडचा आवाज नियमबाह्य ठरतो, तर विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात ६० पर्यंत चालतो.

डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. व्यापाऱ्याच्या भाषेत हे सरळव्याज नसून चक्रवाढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०१८ मध्येच, म्हणजे आपले मानक आले त्याच वर्षी, विमानांचा आवाज रात्री ४० च्या खाली असावा अशी शिफारस केली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट सरासरीची आहे. कायद्यातील मर्यादा सबंध दिवसाच्या, म्हणजे सोळा तासांच्या, सरासरी ध्वनीला लागू होते. सुनेने कागदावर एक गणित मांडले. समजा, एक प्रशिक्षण विमान घरावरून जाताना तीस सेकंद ७० डेसिबल आवाज झाला. अशा शंभर फेऱ्या दिवसभरात झाल्या. सरासरी किती येईल? सुमारे ५७. निवासी भागाच्या मर्यादेहून अधिक, परंतु विमानतळाच्या मर्यादेहून आठ डेसिबलने कमी. दिवसातून शंभर वेळा बोलणे थांबवावे लागले, शंभर वेळा पाळण्यातले मूल दचकले, तरी कागदोपत्री सारे नियमात बसते. सरासरी शिल्लक चांगली असलेल्या खात्यात एखाद्या दिवशी खडखडाट असू शकतो, हे ज्याने पासबुक पाहिले आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाजू पैशाची. तेथे तिला मोठी पोकळी आढळली.

जमीन संपादित झाली, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला मिळतो. त्या कायद्याच्या कलम २८ मध्ये अशीही तरतूद आहे की संपादनामुळे मालकाच्या उरलेल्या मालमत्तेला हानी पोहोचत असेल, तर तिचाही विचार व्हावा. परंतु हे ज्याची जमीन गेली त्याच्यापुरतेच. ज्याचा गुंठाही संपादित झाला नाही, केवळ डोक्यावरचे आकाश व्यापले गेले, अशा बांधापलीकडच्या शेजाऱ्याला काहीच नाही. मग त्याने उपद्रवाचा दावा लावावा काय? तोही मार्ग बंद आहे. १९३४ च्या विमान कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वाजवी उंचीवरून विमान गेले या एकाच कारणावरून अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दिवाणी दावा चालत नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. हे संरक्षण नव्या कायद्यातही कायम आहे.

हे कलम मूळचे इंग्लंडचे. पहिल्या महायुद्धानंतर विमानसेवा बाल्यावस्थेत होती, शेतागणिक खटले होऊ लागले असते तर तिची वाढ खुंटली असती. म्हणून ब्रिटिश संसदेने १९२० मध्ये असे संरक्षण दिले आणि आपण ते उचलले. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. परंतु इंग्लंड तेथेच थांबले नाही. १९७३ मध्ये तेथे आणखी एक कायदा झाला. नवा रस्ता किंवा नवी अथवा वाढविलेली धावपट्टी यांच्या आवाजाने, धुराने, कंपनाने शेजारच्या घराची किंमत उतरली, तर जमिनीचा तुकडाही घेतला नसताना त्या घरमालकाला घसरलेल्या किमतीची भरपाई मागता येते. दावा बंद केला, तर भरपाईचे दार उघडावे, असा तो विचार. आपण पहिला अर्धा कायदा घेतला आणि दुसरा अर्धा तेथेच ठेवला. थोरल्या बंधूंनी हे ऐकले तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नावे लिहिलं आणि जमा लिहायचं राहून गेलं."

अमेरिकेची वाट निराळी. १९४६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे नॉर्थ कॅरोलिनातील कॉझबी नावाच्या शेतकऱ्याचे प्रकरण आले. लष्करी विमाने त्याच्या घरावरून अवघ्या ६७ फुटांवरून जात. त्याच्याकडील दीडशेच्या आसपास कोंबड्या भीतीने भिंतींवर आदळून मेल्या. त्याचा धंदा आपल्या वाचकांना रुचणारा नाही, पण मुक्या जिवांची ती भीती न्यायालयाच्या निकालात नोंदली गेली, हे विसरता येत नाही. इतक्या खालून वारंवार उडणे म्हणजे त्या माणसाची मालमत्ता घेण्यासारखेच आहे आणि त्याचा मोबदला द्यावा लागेल, असे न्यायालयाने ठरविले. पुढे १९७९ मध्ये ध्वनिनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि विमानतळाभोवती ठरावीक पातळीपेक्षा अधिक आवाज असलेल्या घरांना, शाळांना ध्वनिरोधक खिडक्या-दारे बसविण्यासाठी सार्वजनिक निधी मिळू लागला. हा निधी मुख्यतः प्रवाशांच्या तिकिटावरील करातून येतो. फुकट मात्र काही नाही : अनेक ठिकाणी घरमालकाकडून पुढे तक्रार न करण्याचा हक्कलेख लिहून घेतला जातो.

सिडनीचा दाखला थोरल्यांना विशेष आवडला. तेथे १९९४ च्या अखेरीस तिसरी धावपट्टी सुरू झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि १९९५ मध्ये सरकारने उतरणाऱ्या जेट विमानांवर आवाजाची पट्टी बसविली. जितका मोठा आवाज, तितका अधिक आकार. त्या पैशातून चार हजारांहून अधिक घरे, शिवाय शाळा आणि रुग्णालये ध्वनिरोधक करण्यात आली. खर्च वसूल झाल्यावर २००६ मध्ये आकारणी थांबली. कर लावला, कामाला वापरला, काम संपल्यावर बंद केला. असे उदाहरण आपल्याकडच्या व्यापाऱ्याला शोधूनही सापडणार नाही.

आपल्याकडे पैसा नाही, असे म्हणावे तर तेही खरे नव्हे. प्रादेशिक विमानसेवेसाठी २०१६ मध्ये आलेल्या उडान योजनेचे अर्थकारण पाहावे. लहान शहरांच्या मार्गांवर निम्म्या आसनांचे भाडे मर्यादेत ठेवायचे आणि विमान कंपनीला पडणारी तूट भरून द्यायची. त्यातील सुमारे ऐंशी टक्के वाटा केंद्राच्या निधीतून आणि वीस टक्के राज्याकडून. केंद्राचा हा निधी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावून उभा केला जातो. म्हणजे दिल्ली-मुंबईचा प्रवासी अमरावतीच्या प्रवाशाच्या तिकिटाला हातभार लावतो. ही व्यवस्था न्याय्य आहे, आणि तिचा लाभ वऱ्हाडाने अवश्य घ्यावा. प्रश्न एवढाच की आसनावर बसणाऱ्यासाठी जी तजवीज सुचली, ती विमानाखाली राहणाऱ्यासाठी का सुचली नाही. सुनेने येथेही एक छोटे गणित केले. बहात्तर आसने, आठवड्यात तीन जाण्याच्या आणि तीन येण्याच्या फेऱ्या, सारी आसने भरलेली; आसनामागे वीस रुपये. वर्षाला साडेचार लाखांच्या आत रक्कम होते. मोठी रक्कम नव्हे. परंतु गावातील शाळेच्या एक-दोन वर्गांना दरवर्षी चांगल्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवायला ती पुरू शकते, आणि प्रशिक्षणाच्या तासांवर थोडा आकार लावला तर घरांकडेही वळता येईल.

भारतात कोणी भांडलेच नाही, असेही नाही. दिल्लीच्या विमानतळाची तिसरी धावपट्टी २००८ मध्ये सुरू झाल्यावर वसंत कुंजमधील मणक्याच्या रुग्णांचे इस्पितळ आणि परिसरातील रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते. त्या लढ्यांतून मोजमाप, उड्डाणाच्या पद्धती यांवर चर्चा झाली. घरांच्या खिडक्यांसाठी कायमचा निधी मात्र उभा राहिला नाही. दिल्लीच्या सुस्थितीतील वसाहतींना जे जमले नाही, ते बेलोऱ्याच्या भूखंडावर घर बांधणाऱ्या एखाद्या रेल्वे कर्मचाऱ्याला किंवा शिक्षकाला जमेल, अशी आशा धरणे कठीण.

आणि खरा प्रश्न येथे येऊन थांबत होता. भूखंड घेणार कोण होते? मोठे गुंतवणूकदार दोन वर्षांत विकून मोकळे होतील. शेवटी तेथे घर बांधणार तो बडनेऱ्याचा, यवतमाळ रस्त्याकडचा, भविष्यनिर्वाह निधी काढून आणि बँकेचे कर्ज घेऊन आलेला माणूस. जी किंमत कायद्याने कोणावरच टाकली नाही, ती अखेरीस त्याच्या वाट्याला येणार.

धाकट्या बंधूंचे म्हणणे असे होते की विमानतळ काही लपविलेला नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. उलट विमानतळ जवळ म्हणूनच तो अधिक भाव देतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील कलम ५५ विक्रेत्यावर जे दोष सांगण्याचे बंधन घालते, ते खरेदीदाराला साध्या काळजीने न कळणाऱ्या दोषांपुरते. धावपट्टी रस्त्यावरून दिसते. त्यांची मांडणी कायद्याच्या दृष्टीने कच्ची नव्हती. थोरल्यांनी एवढेच विचारले, "धावपट्टी दिसते. वळसा दिसतो का?"

या प्रश्नावर दोघा भावांत तीन आठवडे अबोला होता. पाच एकरांच्या भावाचा प्रश्न होता आणि अकोल्याच्या मिलवर कर्जही होते. धाकट्यांना लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही.

अबोला सुटला तो अकोल्यातच. शिवणीचा विमानतळ १९४३ मधला, बेलोऱ्याहून कितीतरी जुना. धावपट्टी आखूड, नियमित विमानसेवा नाही. विस्ताराची मागणी वर्षानुवर्षे चालू असून तिच्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न गुंतलेला आहे. व्यापारी मंडळींच्या एका अनौपचारिक चहाच्या बैठकीत पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा धाकटे बंधू अनपेक्षितपणे म्हणाले की मागणी करताना एक ओळ वाढवावी : धावपट्टी वाढविण्यापूर्वी आवाजाचा नकाशा काढावा आणि तो शहराच्या विकास आराखड्यात दाखवावा. उंचीचा नकाशा असतो, तसा आवाजाचाही असावा. जेथे आज मोकळे शेत आहे तेथे उद्या गोदामे, शीतगृहे, डाळमिली चालतील; त्यांना विमानाच्या आवाजाचे सोयरसुतक नाही. घरे, शाळा, दवाखाने थोडे बाजूला पडावेत. शेत मोकळे असताना यासाठी फक्त शाई लागते. वस्ती झाल्यावर खिडक्या लागतात आणि त्यांचे पैसे कोणाकडे नसतात. बैठकीतील काहींना ही ओळ म्हणजे विमानतळाला घातलेला खोडा वाटला. बेलोऱ्याचा अनुभव त्यांना सांगायला धाकट्यांकडे कारण होते आणि कागदही होते, सुनेच्या अक्षरातले.

त्या रात्री त्यांनी थोरल्यांना फोन केला.

विकासकाशी पुढची बोलणी दोघांनी मिळून केली. इसारपत्राच्या मसुद्यात एक परिच्छेद घातला गेला : सदर जमीन विमानतळाच्या धावपट्टीच्या रेषेत असून येथे प्रवासी व प्रशिक्षण विमानांचा आवाज दिवसा व प्रसंगी रात्री होण्याची शक्यता आहे, ही बाब प्रत्येक भूखंडधारकास लेखी कळविण्यात यावी. विकासकाने मसुदा वाचून गंधाक्षता पाहिल्यासारखा चेहरा केला आणि तो पुन्हा आला नाही. दुसरा आला, त्याने परिच्छेद मान्य केला, पण भाव जवळपास चतुर्थांशाने खाली आणला आणि धावपट्टीकडील दीड एकर घेण्यास नकार दिला. धाकट्यांनी बँकेचा हप्ता, व्याज आणि उरणारी रक्कम यांचा आकडा एका कागदावर मांडला, थोडा वेळ पाहिला आणि सही केली.

उरलेल्या दीड एकरात बटईदाराने मृगाच्या पहिल्या पावसानंतर तूर पेरली.